सात आणे आणि एक पैसा

(नभोवाणीवरून सादर झालेल्या भाषणाचं संपादित रूप)

माझं आजोळ चिंचणीचं. बोईसर स्टेशनवर उतरायचं, पश्चिमेला तारापूरच्या रस्त्याला लागायचं आणि खाडी ओलांडली की आमची चिंचणी. तिथल्या घरात पहाटे पाचच्या सुमारास कडीपाट बोलायचा. आधी एक ‘टक्’, मग थोड्या वेळाने दुसरा, मग एकापाठोपाठ चार-पाच. पाहुणे दचकून उठून बसत. आजी मात्र पडल्या पडल्या म्हणायची, “झोपा रे, पाणी वर येतंय.”

आवाज तांब्याच्या नळीचा होता. ती नळी मी बसवली होती, १९८७ साली. तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो, बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात देखभाल विभागात इंजिनिअर होतो, आणि नळ्यांबद्दल जे काही आहे ते आपल्याला कळतं अशी माझी ठाम समजूत होती. आज त्या समजुतीची गोष्ट सांगायची आहे. गोष्ट घरातली असली तरी ती समजून घ्यायला बराच मागचा इतिहास बघावा लागतो.

आधी घर डोळ्यांसमोर आणू या. केळवे-माहीमपासून डहाणूपर्यंतच्या किनारपट्टीवर जुनी माडीची घरं अजून उभी आहेत. जोत्यावर लाकडी खांब, खांबांवर सागाच्या जाड तुळया, तुळयांवर हात-दीड हाताच्या अंतराने आडव्या टाकलेल्या कड्या आणि कड्यांवर ठोकलेल्या फळ्या. खालून पाहिलं की तो कडीपाट, वर गेलं की ती माडीची जमीन. आमच्या घरात तुळया सागाच्या, कड्या ऐनाच्या. एकेक कडी सहा इंच उंचीची आणि दहा फूट लांबीची.

ही घरं बांधली गेली तेव्हा घरात नळ ही कल्पनाच नव्हती. पाणी बावीवर, बाव परसात आणि न्हाणीघर मागच्या पडवीला. पाणी घरात यायचं ते बाईमाणसांच्या डोक्यावरून आणि कडेवरून. माडीवर पाणी गेलंच तर पिण्याचा तांब्या जाई. त्यामुळे कड्यांमधून काही आरपार न्यायचं आहे असा विचार बांधणाऱ्याने कधी केला नव्हता, करायची गरजही नव्हती. मुंबईला १८६० साली विहार तलावाचं पाणी नळाने मिळू लागलं. १८६४ साली रेल्वे आमच्या पालघर-बोईसरच्या अंगणातून गुजरातकडे गेली. पुढे याच भागातल्या तानसा-वैतरणेचं पाणी मोठमोठ्या नळांतून मुंबईला जाऊ लागलं. इथल्या गावांना नळ दिसायला मात्र फार वर्षं लागली. आमच्या घरी नळ आला तोही आधी मागच्या पडवीपर्यंतच.

१९८७च्या पावसाळ्यात आजीचे गुडघे साफ गेले. ती माडीवर झोपत असे. जिना उतरून न्हाणीघरापर्यंत येणं तिला जमेना. खाली झोपायला मात्र तयार नव्हती. समुद्राचा वारा माडीवरच लागतो, हे तिचं म्हणणं. शेवटी मामांनी ठरवलं, माडीच्या पूर्वेच्या कोपऱ्यात छोटी मोरी काढायची आणि तिथवर गरम पाणी न्यायचं. गीझर खाली, मोरी वर. मधली नळी कोण घालणार? घरात इंजिनिअर भाचा होताच.

लोखंडी नळीवर आमचा विश्वास उरला नव्हता. खाऱ्या हवेत जस्ताचा मुलामा किती दिवस पुरणार? पडवीतली नळी चार-पाच वर्षांत पापुद्रे सोडू लागली होती. म्हणून मी तांबं निवडलं. मामी म्हणाली, “बंब तांब्याचा, घंगाळ तांब्याचं, मग नळी तांब्याची का नको?”

तिचं बरोबरच होतं. या किनाऱ्याची आणि तांब्याची ओळख फार जुनी. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये भडोचच्या बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी आहे, तीत तांबं, कथील आणि शिसं आहे. त्याच पुस्तकात आपल्या सोपाऱ्याचंही नाव येतं. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचा स्तूप उकरला तेव्हा दगडी पेटीत तांब्याचा करंडक निघाला. त्याच्या आत एकात एक चांदीचा, मौल्यवान दगडाचा, स्फटिकाचा आणि शेवटी सोन्याचा. जे जपायचं त्याच्याभोवती तांब्याचं कवच घातलेलं होतं. तांब्याची नळी तर त्याहून जुनी. इजिप्तमध्ये अबुसीर इथे साहुरे राजाच्या पिरॅमिडजवळच्या मंदिरात पाणी वाहून नेणाऱ्या तांब्याच्या नळ्या सापडल्या. त्यांचं वय साडेचार हजार वर्षांच्या आसपास. एवढं टिकणारं धातू हाताशी आल्यावर मला आणखी काय हवं होतं?

नळी टिकेल याची मला खात्री होती. ती ज्यातून जाणार ते लाकूड टिकेल का, हा प्रश्न मला पडला नाही. तो पडला आमच्या सुतारबाबांना.

ते गावातले जुने सुतार, तेव्हा सत्तरीला आलेले. आजोळच्या गावात मी सगळ्यांचाच भाचा, त्यामुळे तेही मला भाचेबुवा म्हणत. फळ्या उचकटायला त्यांना बोलावलं होतं. नळी कड्यांना काटकोनात जाणार होती, म्हणजे वाटेत आठ कड्या आडव्या येणार होत्या. मी खडूने खुणा केल्या. प्रत्येक कडीच्या वरच्या अंगाला दीड इंच खोल खाच, त्यात नमद्यात गुंडाळलेली पाऊण इंची नळी आणि वर पुन्हा फळी. खुणा खोलीच्या बरोबर मध्यावरून जात होत्या, कारण तो रस्ता सर्वांत जवळचा.

सुतारबाबांनी पटाशी हातात घेतली नाही. म्हणाले, “भाचेबुवा, कडीची पाठ नका कापू. पोटातून जा. गिरमिटाने भोक पाडून देतो, उंचीच्या बरोबर मध्यावर. आणि खोलीच्या मधनं नको, भिंतीच्या अगदी अंगालाही नको. या दोहोंच्या मध्ये कुठंतरी.”

मी विचारलं, “भोक काय आणि खाच काय, लाकूड तेवढंच जाणार ना?”

त्यावर ते म्हणाले, “लाकूड तेवढंच जाईल, पण हिशेब वेगळा. वरनं कापलंत तर आणे जातील, पोटातनं गेलात तर पैसे.”

हे पैसे जुने बरं का. १९५७ साली दशमान नाणी आली, पण त्यांचा हिशेब शेवटपर्यंत जुनाच राहिला. सोळा आण्यांचा रुपया, चार पैशांचा आणा.

मी हसलो. आणि मग माझी अडचण सांगितली, ती मात्र खरी होती. तांब्याची ताठ नळी दहा-दहा फुटांची. दोन भिंतींच्या मध्ये, हातभर अंतरावरच्या कड्यांच्या भोकांतून ती ओवायची कशी? ती वाकत नाही. तुकडे करावेत तर प्रत्येक दोन कड्यांमध्ये एक डाख आणि प्रत्येक डाखाला गळतीची भीती. खाच कापली की नळी वरून नुसती ठेवता येते. जगभरचे नळकारागीर याच कारणाने खाचेकडे वळतात. विलायतेत लाकडी जमिनींची घरं लाखांनी आहेत आणि विसाव्या शतकात तिथे तांब्याच्या नळ्या घरोघर गेल्या. तिथेही हाच मोह आणि हीच चूक.

सुतारबाबांकडे त्यालाही उत्तर होतं. “पश्चिमेच्या भिंतीला एक भोक पाडा. नळी बाहेरनं सरळ ओवा, सुईत दोरा ओवतात तशी.”

उत्तर अचूक होतं. पण पश्चिमेची भिंत चुलत घराच्या अंगणाला लागून. त्या अंगणात उभं राहिल्याशिवाय दहा फुटांची नळी आत ढकलता येणार नव्हती. एका आंब्याच्या झाडावरून दोन्ही घरांचं बोलणं बारा वर्षं बंद होतं. मामा म्हणाले, “त्यांच्या दारात विचारायला मी जाणार नाही.” मीही म्हणालो, “नकोच.” आणि पटाशी स्वतः हातात घेतली.

सुतारबाबा जाता जाता एवढंच म्हणाले, “कापलंतच तर खाचेत नळीच्या दोन्ही अंगांना कठीण लाकडाची पाचर घट्ट ठोका. मोकळी ठेवू नका.” मी तीही ठोकली नाही. नळीला प्रसरणासाठी मोकळीक हवी, हे मला पुस्तकाने शिकवलं होतं. वीस फूट लांबीची तांब्याची नळी चाळीस अंशांनी तापली की सुमारे चार मिलिमीटर वाढते. पहाटेची ती ‘टक्-टक्’ त्या वाढीची. नळी लाकडाला घासत, अडत, सुटत पुढे सरकायची. हे गणित मी केलं होतं. लाकडाचं केलं नव्हतं.

आता थोडं त्या लाकडाच्या गणिताकडे वळू, कारण ते सोडवायला युरोपातल्या मोठमोठ्या डोक्यांना जवळजवळ दोनशे वर्षं लागली.

१६३८ साली गॅलिलिओचं दोन नव्या शास्त्रांवरचं पुस्तक हॉलंडमधल्या लायडनला छापलं गेलं. तोवर त्याची दृष्टी गेली होती. त्यात एक चित्र आहे. भिंतीतून बाहेर आलेली तुळई आणि तिच्या टोकाला टांगलेलं वजन. तुळई कशी मोडते हा प्रश्न. तुळईच्या उंचीला फार महत्त्व आहे, उंची दुप्पट तर ताकद चौपट, हे त्याने ओळखलं. पण तुळईतले सगळेच तंतू ताणले जातात आणि ती खालच्या कडेवर उलटते, असं तो धरून चालला. तिथे तो चुकला.

खरी गोष्ट अशी की भार पडला की कडी किंचित वाकते. तिच्या पाठीकडचे तंतू दाबले जातात, पोटाकडचे ताणले जातात. आणि दोहोंच्या मध्ये एक थर असा असतो की जो ना दाबला जातो, ना ताणला जातो. आंतवान पॅरं नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने १७१३ साली हे नीट मांडलं. पण त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. १७३९च्या जानेवारीत चिमाजी अप्पांच्या फौजेने आमच्या शेजारचा तारापूरचा कोट पोर्तुगीजांकडून घेतला, त्या लढाईत बाजी भीवराव पडले, तेव्हा पॅरिसमध्ये पॅरंचं लेखन सव्वीस वर्षं धूळ खात होतं. पुढे किल्ल्यांची बांधकामं केलेल्या कूलोंने १७७३ साली तोच प्रश्न पुन्हा सोडवला आणि १८२६ साली नाविए याने त्याला आजचं रूप दिलं. मधल्या काळात द्युआमेल द्यु मोंसो या फ्रेंच शास्त्रज्ञाने एक साधा, सुरेख प्रयोग केला. लाकडाच्या कांबी पाठीकडून करवतीने कापल्या, त्या कापात कठीण लाकडाची पाचर बसवली आणि वर वजन ठेवलं. कापलेल्या कांबी न कापलेल्यांइतकंच वजन तोलू शकल्या! पाठीचं काम दाब सोसण्याचं, आणि दाब पाचरही सोसते. आमच्या सुतारबाबांनी सांगितलेली पाचर ती हीच. त्यांनी फ्रेंच वाचलं नव्हतं.

त्यांच्या आण्या-पैशांचं काय? तोही हिशेब मी केला, फार उशिरा. सहा इंच उंचीच्या कडीला वरून दीड इंचाची खाच पाडली की साडेचार इंच उरतात. ताकद उंचीच्या वर्गावर चालते. साडेचारचा वर्ग आणि सहाचा वर्ग यांचं प्रमाण नऊ सोळांश. म्हणजे त्या जागी रुपयातले नऊ आणे उरले, सात आणे गेले. आता तेच दीड इंचाचं भोक बरोबर मध्यावर पाडलं तर? तिथे प्रमाणाचा घन येतो. दीड भागिले सहा म्हणजे पाव, पावाचा घन एक चौसष्टांश. आणि जुन्या रुपयाचे पैसे किती? चौसष्ट! म्हणजे गेला एक पैसा.

ज्या रात्री मी हे आकडे कागदावर मांडले, त्या रात्री बराच वेळ तो कागद हातात धरून बसलो होतो.

खोलीच्या मध्यावर का नको, तेही सांगतो. कडी सर्वांत जास्त वाकते ती मध्यावर, म्हणून तिथे पाठीला आणि पोटाला हात लावायचा नाही. भिंतीलगत वाकणं कमी, पण तिथे कडीचे थर एकमेकांवरून सरकू पाहतात आणि ते सरकणं उंचीच्या मध्यावरच जास्त असतं. म्हणून भोक तिथेही नको. इंग्लंडमधला प्रचलित नियम असा आहे: भोक कडीच्या उंचीच्या पावपटीहून मोठं नको, उंचीच्या मध्यावर हवं आणि टेकूपासून लांबीच्या पंचवीस ते चाळीस टक्क्यांच्या पट्ट्यात हवं. खाच पाडायचीच तर उंचीच्या आठव्या हिश्श्यापर्यंत आणि तीही टेकूकडच्या पाव भागातच. माझ्या खाचा दुप्पट खोल होत्या आणि बरोबर मध्यावर होत्या.

लगेच काहीच झालं नाही. चुकीची हीच तर खोड. आजीला माडीवर गरम पाणी मिळालं, ती आणखी नऊ वर्षं जगली आणि येईल-जाईल त्याला माझी नळी दाखवत राहिली. गणपतीत आम्ही पंधरा-वीस माणसं त्या माडीवर झोपत असू. हळूहळू जमीन मध्यावर किंचित बसली. फळ्या करकरू लागल्या. मामांनी एका सुटीत कुणाला तरी बोलावून आणखी खिळे ठोकून घेतले. करकर थांबली. कडीपाटावर एक तपकिरी डाग आला. कौलं गळत असतील म्हणून आम्ही कौलं चाळून घेतली.

मग नोव्हेंबर २०१८पासून डहाणू-तलासरी भागात भूकंपाचे धक्के बसू लागले. धुंदलवाडीचं नाव रोज वर्तमानपत्रात यायचं. १ फेब्रुवारी २०१९ रोजी एका दिवसात अनेक धक्के बसले, त्यातला मोठा चार रिश्टरच्या पुढचा. तिकडची माणसं थंडीत घराबाहेर तंबूत झोपत होती. चिंचणीला तेवढी झळ नव्हती, पण भांडी वाजत होती. मामी आता एकटी, वय ऐंशीच्या घरात. मला फोन करून म्हणाली, “भिंती ठीक आहेत रे. माडी मात्र हिंदकळते.”

मी गेलो, फळ्या उचकटल्या. आठांपैकी पाच कड्यांना खाचेच्या कोपऱ्यातून आडव्या भेगा गेल्या होत्या. दोन कड्या खाचेपाशी बोटाने उकरता येतील इतक्या कुजल्या होत्या. कारण समोरच होतं. करकर थांबवायला ठोकलेला एक खिळा फळीतून थेट खाचेतल्या नळीत घुसला होता. खिळ्यानेच भोक बुजवलं, म्हणून तेव्हा कुणाला कळलं नाही. पण तांबं आणि लोखंड ओलाव्यात एकमेकांना चिकटले की लोखंड आपला जीव देतं. खिळा गंजत गेला, थेंब थेंब पाणी झिरपत राहिलं आणि ऐन कुजत गेला. नळी उंचीच्या मध्यावरून गेली असती तर तिच्यावर सव्वादोन इंच लाकूड राहिलं असतं. तो खिळा तिच्यापर्यंत पोहोचलाच नसता.

नळी अजून चकाकत होती. तांबं टिकतं, हे माझं म्हणणं खरं ठरलं होतं.

सुतारबाबा कधीच गेले. त्यांचा नातू बोईसरच्या एका कारखान्यात काम करतो. सुतारकी घरात राहिली नाही. वाणगावहून एक तरुण सुतार बोलावला. कुजलेल्या दोन कड्या बदलल्या, भेगा गेलेल्या पाच कड्यांना बाजूने नव्या सागाच्या कड्या बोल्टने जोडल्या, आठव्या कडीच्या खाचेत घट्ट पाचर ठोकली. मग प्रश्न पुन्हा तोच. मामीला माडीवर गरम पाणी हवंच होतं आणि ताठ नळी ओवायची तर पश्चिमेची भिंत.

आमच्या तारापूरला १९६९ साली देशातलं पहिलं अणुवीज केंद्र सुरू झालं. अशा मोठ्या कामांत नळी भिंतीतून कुठून जाणार हे काँक्रीट ओतायच्या आधी कागदावर ठरतं आणि तिथे आधीच बाही बसवून ठेवतात. मागाहून कुणी छिन्नी चालवायची नाही. जुन्या घरांना ती सोय नाही. तिथे मागाहून विचारावं लागतं. लाकडाला विचारावं लागतं, आणि कधीकधी शेजाऱ्यालाही.

मी चुलत घराच्या दारात गेलो. आंब्याचं झाड मधल्या काळात वादळात पडलं होतं. तिथल्या सूनबाईंनी दार उघडलं. मी चाचरत सांगितलं की तुमच्या अंगणातून एक नळी ओवायची आहे, तासाभराचं काम आहे. ती म्हणाली, “अहो काका, त्यात विचारायचं काय? चहा ठेवू का?”

पश्चिमेच्या भिंतीला भोक पाडलं, तुळयांपासून तीन फुटांवर आठही कड्यांच्या पोटातून गिरमिट फिरलं, प्रत्येक भोकात नमद्याची पट्टी बसवली. तरुण सुतार आत, त्या घरचा मुलगा बाहेर. नळी सरसरत गेली, सुईत दोरा जावा तशी. तासही लागला नाही.

आता पहाटे कडीपाट बोलत नाही. मामीची मात्र तक्रार आहे, की पाणी वर आलं ते कळतच नाही.